खालच्या पट्टीतली हळद

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज इतका खाली गेला की फोनवर लोक मला "युसुफभाई" म्हणू लागले. युसुफ माझा नवरा. त्याला हसू आवरेना, माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जाई. शारजापासून अबुधाबीच्या मुसफ्फापर्यंत आम्हा रत्नागिरीवाल्यांकडे हळद असली की गाण्याची पहिली ओळ हमीदाची, म्हणजे माझी, हे ठरलेलं. मी उचलायची, बायकांनी झेलायची. ती ओळ झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आता माझ्या भाचीची, इन्शाची हळद डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला होती आणि मी बहिणीला साफ सांगून टाकलं होतं: येईन, बसेन, जेवेन, पण गाणार नाही.

गाडीत आमच्या लेकीने, अफनानने, कुणा ब्राझीलच्या बाईची गाणी लावली. या झुल्मिरा प्राडोच्या एका अल्बमवर तिला कॉलेजची असाइनमेंट लिहायची होती.

"ही कुणाशी भांडतेय?" मी विचारलं.

"अम्मी, प्लीज. जस्ट लिसन."

ऐकलं. भाषा कळत नव्हती, पट्टी कळते. सुरुवातीची गाणी ढोल-पिपाण्यांची, आवाज पार छपराला लागलेला. मग वाद्यं एकेक करून गळाली आणि बाई अशी खाली उतरली की मी स्पीकरकडे बघतच राहिले. मधेच तिचा आवाज घासला. घासलेलाच ठेवला होता!

"हे कापलं कसं नाही?"

"दॅट्स द होल पॉइंट!"

पुढचं अर्धं इंग्रजीत झालं. मला कळलं ते असं. ही बाई कार्निव्हलच्या उंच गाण्यांनी गाजलेली. वयाने आवाज उतरला, तो तिने लपवला नाही. अर्धा अल्बम जुन्या पट्टीत, अर्धा नव्या. जुने चाहते रुसले, समीक्षकांनी धड हे ना धड ते म्हणून नाकं मुरडली, अल्बम आपटला. पुढे त्याच खालच्या आवाजात ती पहिल्याहून मोठी झाली. पण अफनानचं म्हणणं, खरी किंमत या मधल्या अल्बमची. त्याच्यानंतर जाड्या आवाजाच्या कितीतरी मुली तिथल्या पॉपमध्ये बिनधास्त आल्या.

"असेल बाई," मी म्हटलं. पण डोंगरातला बोगदा संपेपर्यंत तेच घासलेलं गाणं परत लावायला लावलं.

हॉल बायकांनी भरला होता, ढोलकी तापली होती, इन्शा पिवळ्या ओढणीत बसली होती. माझ्या बहिणीने, यम्नाने, मायेपोटी एक उद्योग करून ठेवला होता.

"आपा, तू टेन्शन घेऊ नको. सगळं अरेंज केलंय, खलास!" असं म्हणून तिने ब्लूटूथ स्पीकर लावला.

त्यातून मी गायला लागले. कुठल्याशा जुन्या हळदीत मोबाइलवर घेतलेला माझा आवाज, कोवळा आणि उंच. बायका खूश. मला मात्र रडू फुटलं. मी समोर जिवंत बसलेली, आणि गेलेल्या माणसासारखी माझी आठवण काढत होत्या!

मी उठून स्पीकर बंद केला. "यम्ना, मी अजून मेले नाही."

माझ्या रागापायी भाचीची हळद अडली होती. आता गाण्यावाचून सुटका नव्हती. ढोलकीवालीला म्हटलं, "सावकाश." आणि गळा जिथे होता तिथूनच ओळ उचलली. मधेच आवाज घासला. थांबले नाही. तिकडे ब्राझीलमध्ये एक बाई थांबली नव्हती, तिचे उपकार.

ओळ संपली. तरण्या बायका चाचपडल्या. इतक्या खाली त्यांना सूर सापडेना. आता शोभा होणार, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक थरथरता, जाड आवाज आला. हव्वाबी! यम्नाची सासू. आजवर प्रत्येक हळदीत मी त्यांना नुसत्या टाळ्या वाजवताना पाहिलं होतं. त्यांच्यामागून शेजारची म्हातारी गाऊ लागली, मग सगळी मागची रांग.

हळद लागली. मी हव्वाबींपाशी गेले. "तुम्ही गाता? कधी ऐकलं नाही ते!"

"कसं ऐकशील, बेटा? तू एवढ्या वरून उचलायचीस, आमचा गळा पोचायचाच नाही. मला वाटलं, आपलं गाणं संपलं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "शुक्र अल्लाचा, आज तू खाली आलीस."

आयुष्यभर वाहवा पुष्कळ मिळाली, पण माझ्यासाठी असे आभार कुणी मानले नव्हते. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "पुढची ओळ तुम्ही उचला. मी झेलते."