पाटीवर राहिलेला सी

"बाबा, तुमचं चुकलंच नव्हतं!" अभ्यास करता करता मुलगी ओरडली.

पेंटर रॉकेलात ब्रश धूत होता. त्याने मान वर केली.

"सेंट या इंग्रजी शब्दात आधी सी नव्हताच! जाणवणं अशा अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून तो आला. एस, ई, एन, टी, एवढंच लिहायचे. पुढे कधीतरी मध्येच सी घुसडला. कशासाठी, ते कुणालाच धड ठाऊक नाही."

ब्रश पेंटरच्या हातातच राहिला.

दादाने, त्याच्या थोरल्या भावाने, खूप वर्षांपूर्वी सेंटचं दुकान थाटलं तेव्हा पाटी पेंटरनेच रंगवली होती. हौसेने, सोनेरी अक्षरांत. सी तेवढा लिहायचा राहिला. पहिल्याच दिवशी आलेली माणसं फिदीफिदी हसली.

"सख्ख्या भावाने माझं हसं केलं! अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?" दादा चारचौघांत कडाडला.

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिडी खांद्यावर टाकून तो जो निघाला, तो पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. दादाने दोनदा निरोप धाडला, त्याने दाद दिली नाही. आई गेली तेव्हाही दोघे भाऊ दोन कोपऱ्यांत उभे होते.

मुलीने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पेंटर दादाच्या घरी गेला. काय बोलायचं ते वाटभर घोकत होता. दार वहिनीने उघडलं.

"भावोजी, तुम्ही? या, या. दुकान कधीच विकलं हो."

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. पार वाळला होता.

"दादा, तो सी मागाहून घातलेला आहे! माझं बरोबर होतं!"

"कोण पडलं?" दादाने कानामागे हात धरला.

"ऐकू येत नाही त्यांना," वहिनी हळूच म्हणाली. "मशीन लावूनही उपयोग नाही. लिहून दाखवा." तिने कागद-पेन्सिल आणून दिली.

पेंटरने एस काढला. मग थांबला. तो खोडून त्याने खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'कसा आहेस?'

दादाने कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवत वाचला. मग नको तितक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "फार उशीर केलास रे."