न झटकलेला पारा

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांचा त्या काचेच्या थर्मामीटरवर भारी जीव. सेलवाले नवे आले आणि दोन महिन्यांत माना टाकून ड्रॉवरमध्ये पडले, हा मात्र इमानेइतबारे चालतोय, हे त्या भेटेल त्याला ऐकवत. त्याची खोड एकच. ऊब लागली की पारा वर चढतो, पण आपणहून खाली उतरत नाही. दर वेळी मनगटाला हिसडा देऊन तो झटकावा लागतो. सिस्टरांचं मनगट एकवीस वर्षं हे काम न सांगता करत होतं.

त्या सकाळी कालच जन्मलेल्या जुळ्या मुलींची ताप मोजायची पाळी होती. थोरलीच्या काखेत साडेछत्तीस अंश भरलं. तेवढ्यात वॉर्डबॉयने दार धाडकन आपटलं. सिस्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि त्याच तावात काच पुसून धाकटीच्या काखेत ठेवली. साडेछत्तीस.

"जुळ्या शोभतात हो!" त्या हसल्या.

"पण धाकटीचे पाय गार लागतायत," मुलींच्या आजी म्हणाल्या. "पोटसुद्धा. घेऊ का जरा छातीशी?"

"आजी, हाताला काय कळतंय? पारा खोटं बोलत नाही. झोपलीये, झोपू दे."

आजी ओशाळून स्टुलावर बसल्या.

दुपारी धाकटी दूध ओढेना, रडेना. सिस्टरांनी थर्मामीटर झटकला आणि झटकतानाच त्यांना आठवलं. सकाळी दोघींच्या मध्ये हा हिसडा दिलाच नव्हता. आता पारा पस्तीसच्या रेघेपर्यंतही चढेना. मग एकच धावपळ झाली. आईच्या उघड्या छातीशी धरलं, दिव्याखाली ठेवलं, डॉक्टर आले. साडेपाचला डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तक्त्यावर साडेछत्तीस दोनदा लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"सकाळी चांगली होती गं," आजी लेकीला थोपटत होत्या. "सिस्टरांनी मोजलं होतं. माझाच हात म्हातारा झालाय, काहीबाही सांगतो."

सिस्टरांना ते ऐकवेना. "आजी, चूक माझी आहे. तो आकडा थोरलीचा होता. मी पारा झटकला नव्हता."

आता शिव्याशाप येणार म्हणून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"म्हणजे तेव्हाच गार होती?" आजींनी विचारलं. "मला लागली तशी?"

"हो."

आजींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"आणि मी स्टुलावर बसून राहिले," त्या म्हणाल्या.