डिकीतला दीडशे अँपिअर

मी एक जुना फ्यूज आहे, मित्रांनो, पण साधासुधा नाही. दीडशे अँपिअरचा! अंगावर सोनेरी मुलामा, डोक्यावर पारदर्शक झाकण. ज्या गाडीत मी आहे, तिथं आग लागायची काय बिशाद! असं छाती फुगवून म्हणत होतो, तेवढ्यात मला डिकीत नेऊन बसवलं.

डिकीत बसलास तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. सगळंच बिघडलं. बॅटरी पुढं, इंजिनाशेजारी. तिथून वायर निघते, पायपुसण्यांखालून सरपटत मागं येते आणि तेव्हा कुठं मला भेटते. वाटेत ती सोलली, पत्र्याला टेकली, तर करंट तिथल्या तिथं पत्र्यात घुसणार. मला कोण कळवणार? रस्त्यावरचं दार सताड उघडं ठेवून कुलूप आतल्या कपाटाला लावावं, तसा मी.

गाडी सासऱ्यांची. महिनाभर मुलाकडे राहायला जाताना त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि बजावलं, "जशी देतोय तशीच परत हवी." जावयानं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी डिकीत आवाज वाढवणारे तीन अँप ठोकले. दोन दारांतल्या स्पीकरसाठी, एक धडधडणाऱ्या खोक्यासाठी. या जावयाला सगळे डेसिबल म्हणतात.

वायर मात्र त्यानं त्याच्या जुन्या गाडीतली वापरली. एका अँपपुरती, पेन्सिलीएवढी. तिच्यासोबत आधी माझा साठ अँपिअरचा चुलतभाऊ होता. तो तीनदा उडाला. म्हणजे तीनदा नवा आणला, तीनदा उडाला. बिचारा ओरडून सांगत होता की वायरीला झेपत नाहीये. डेसिबलला वाटलं फ्यूज कमजोर आहे. म्हणून मला आणलं आणि माझ्याखाली निळा दिवासुद्धा लावला. बॅटरीजवळ का नाही? तर म्हणे, "बॉनेटखाली कोण बघणार याला?"

मित्रांनो, मला एक क्षण चैन नव्हतं. तिन्ही अँप एकदम गरजले की वायर तापायची आणि मी, दीडशेचा पहिलवान, थंडगार. हातपाय असते तर उडी मारून पुढं पळालो असतो.

एकदा डेसिबलच्या बायकोनं पाय वर घेतले. "अरे, खाली गरम का लागतंय?"

"हीटर आहे गं."

"बाबांच्या गाडीत हीटर कधी होता?"

"तुझ्या बाबांना तरी सगळं कुठं माहितीये!"

सासरे परत यायच्या आदल्या दिवशी डेसिबल मोठ्या ऐटीत बहिणीच्या गॅरेजवर गेला. ही त्याची थोरली ताई, गाड्यांचं वायरिंग करते. तिनं पायपुसणं उचलून वायरीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"गधड्या, ही वायर साठची. वर फ्यूज कितीचा?"

"दीडशेचा! एकदम दणकट."

"फ्यूज मोठा टाकला म्हणून वायर जाड होते का रे? फ्यूज वायरीला वाचवायला असतो, तुझ्या अँपला नाही. तिघांना मिळून एकशेवीस लागतात. मग दीडशे झेपेल अशी वायर घे, अंगठ्याएवढी. आणि हा सोन्या डिकीत काय करतोय?"

"छान दिसतो."

"मग गळ्यात घाल."

"ताई, तू उगाच घाबरवतेस. थांब, आवाज ऐक," म्हणत त्यानं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. गाडी थरथरली. इंजिनाकडच्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली होती आणि भोकाला रबराची रिंग नव्हती. तापून मऊ झालेली वायर धारेवर घासली, सोलली, पत्र्याला चिकटली. धूर! पायपुसणं पेटलं. ताईनं धावत जाऊन बॅटरीची वायर पान्यानं सोडवली, नाहीतर सासऱ्यांना फक्त किल्ली परत मिळाली असती. मी? मला काही झालं नाही. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

डेसिबलचा चेहरा पांढराफटक. "ताई, बाबा उद्या येतायत गं."

ताईनं संध्याकाळपर्यंत सगळं उपसलं. जाड वायर, भोकाला रबर, डिकीत एका वायरीच्या तीन वायरी करणारा ठोकळा आणि प्रत्येक अँपला आपापला छोटा फ्यूज. आणि मी? बॅटरीपासून वीतभर अंतरावर! निळा दिवा नाही, बघायला कुणी नाही, पण जन्मात पहिल्यांदा जागच्या जागी.

म्हणून सांगतो मित्रांनो, फ्यूज उडाला तर त्याला शिव्या देऊ नका. तो का उडाला ते बघा. आणि त्याला बॅटरीजवळ बसवा, शोकेसमध्ये नको.

सासरे आले. रेडिओ लावला. त्यांना कमी ऐकू येतं. बातम्या सुरू झाल्या आणि शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या.

डेसिबल भिंतीला टेकून उभा.

"जावईबापू," सासरे डोळे पुसत म्हणाले, "चार वर्षांनी हवामान नीट ऐकलं. हे काढायचं नाही हं!"

डेसिबल सुटला. मीही सुटलो, असं वाटलं.

मंगळवारी सासऱ्यांनी स्वतः बॉनेट उघडून नट आवळायला घेतले. त्यांचा पाना माझ्या डिकीकडच्या टोकापासून पत्र्यापर्यंत आडवा पडला. मी उडालो. वायर वाचली, गाडी वाचली. सासऱ्यांनी माझ्या जागी सहा इंची खिळा बसवला आणि पुढच्या बातम्या लावल्या.