बोरसे सरांचे दोन शब्द

ब्याण्णव साली देवपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्राध्यापक सुकदेव बोरसे विजेवर चालणारी गाडी बनवत होते. धुळ्यात घरातला पंखा चालवायला वीज पुरत नव्हती, तिथे हे गाडी चालवायला निघाले! गाडी खरं तर हायब्रीड, म्हणजे निम्मी विजेवर, निम्मी पेट्रोलवर चालायची होती. गावाकडचे नातेवाईक भोळेपणाने विचारत, "हायब्रीड का? एकरले कितलं पिकस?" पण पेट्रोलचं इंजिन खरेदी समितीत अडकलं, आणि समितीतले दोघे त्या विचारातच निवृत्त झाले. मग सरांनी एका भंगार रिक्षात नुसत्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बसवल्या, आणि ती चक्क चालायला लागली. ज्या कॉलेजात कुणाचंच काही चालत नव्हतं, तिथे हे जरा अतीच झालं.

पुण्याहून तपासणी समिती यायचं ठरलं. गाडीने पांझरेचा पूल ओलांडून परत यायचं. आली तर संशोधन मंजूर. नाही तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि सर पुन्हा पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला.

आता पाहुण्यांना बोलवायचं आणि नुसतं काम दाखवून वाटेला लावायचं, ही काय माणसाची रीत झाली? प्राचार्य रुपचंद देवरे यांनी मंडप घातला, शाली आणल्या, नारळ आणले. सत्काराआधी गाडी हलणार नाही, असं त्यांनी बजावलं. स्वागतगीत रंगात आलं आणि लाइट गेली. माईक मुका झाला, पंखे थांबले, पाहुणे घाम पुसू लागले.

प्राचार्यांची नजर हार घातलेल्या रिक्षाकडे वळली. "बोरसे, एवढ्या बॅटऱ्या आहेत की तुमच्याकडे! जोडा."

सरांनी मनात हिशेब केला. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि माजी उपाध्यक्ष बोलले तरी पुलापुरतं उरत होतं. त्यांनी स्वतःच तारा जोडल्या. तिघेही पोटभर बोलले. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "आता बोरसे सर दोन शब्द बोलतील."

ज्या माणसाचं स्टाफरूममध्ये कुणी वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, त्याच्या हातात माईक देऊ नये. सर बोलू लागले. चहालाही न विचारणारे सहकारी मान वर करून ऐकत होते. सरांना फार बरं वाटलं. प्रयोगशाळेतला भटू व्यासपीठाशी येऊन कुजबुजला, "सर, आवाज बारीक व्हयी ऱ्हायना."

आवाज बारीक का होतोय, हे त्या मंडपात सरांइतकं कुणाला कळणार होतं? त्यांनी रिक्षाकडे पाहिलं, मग समोरच्या गर्दीकडे पाहिलं. आणि 'बॅटरीची काटकसर' या विषयाला हात घातला.

टाळ्या कडाडल्या. रिक्षा ऐटीत निघाली आणि पुलाच्या मध्यावर थांबली ती थांबलीच. शेवटी पोरांनी ढकलत आणली. प्राचार्य लाइटला शिव्या घालत होते. सरांचं बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

निघताना समितीच्या अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेतला. "गाडीचं काही जमत नाही हो तुमचं," ते म्हणाले, "पण बोलता मात्र छान!"

प्रयोगशाळा गेली, हे सरांना कळलं होतं. लाज वाटायला हवी होती. पण खोटं कशाला सांगा, त्या शेवटच्या वाक्यावर माणूस खुलला.