कपाटामागची भिंत

"बाबा, अजून थोडं डावीकडे. खालचा कोपरा दिसतोय," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी खांदा लावला. लोखंडी कपाट फरशीवर करकरत सरकलं आणि न्हाणीघराकडची ओलीकच्च भिंत दिसेनाशी झाली. उभा जन्म मास्तरांनी दुसऱ्यांची कपाटं सरकवून भिंती उघड्या पाडल्या होत्या. घेणारे त्यांना घर तपासायला हौसेनं बोलवायचे, विकणारे त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. आणि आता हा उद्योग!

"नळ आत फुटलाय म्हटलं तर कोण घेईल हे घर?" मुलगा पुन्हा म्हणाला. हे विकल्याशिवाय त्याला नवं घेता येत नव्हतं आणि परगावी भाड्याच्या एका खोलीत सुनेचे दिवस भरत आले होते. मास्तरांना नाही म्हणवलं नाही.

घेणाऱ्या नवरा-बायकोबरोबर तपासायला आला तो नेमका मास्तरांचाच चेला. कामाचा ओ की ठो कळत नव्हता, तेव्हापासून त्यांच्या हाताखाली वाढलेला.

"मास्तर, तुमचं घर तपासायचं म्हणजे मला घामच फुटलाय!"

"नीट तपास," मास्तर म्हणाले. यानं आपल्याला पकडावं असं त्यांना वाटत होतं, आणि पकडू नये असंही.

चेल्यानं गच्ची पाहिली, नळ सोडले, भिंतींवर बोटानं टकटक केली. शेवटी कपाटाशी आला. "कपाट हलवल्याशिवाय घर पाहिलं म्हणू नये, हे यांनीच शिकवलं," तो हसत म्हणाला. "पण इथं कशाला? मास्तरांच्या घरात लपवाछपवी निघाली तर मी हा धंदाच सोडीन."

"म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत," बाई म्हणाली. "लेकीला दमा आहे हो. आधीच्या घरातल्या ओलीनं पोर हैराण झाली. ही खोली तिलाच देऊ."

मास्तरांनी तोंड उघडलं. दारात मुलगा उभा होता.

"कपाट... घराबरोबरच देतो. राहू दे इथंच," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"अय्या, केवढं मोठं मन तुमचं!"

चेल्याचं हसू मावळलं. विकणारा उगाच काही फुकट देऊ लागला की त्याच्या मागं बघावं, हेही मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यानं खाली पाहिलं. फरशीवर ताजा पांढरा ओरखडा होता.

"जरा बाजूला होता का?" तो हळूच म्हणाला.

मास्तर बाजूला झाले. कपाट पुन्हा करकरलं. फुगलेला, काळपट गिलावा बघून बाईनं नवऱ्याचा दंड धरला. मुलगा दारातून निघून गेला. चेल्यानं बोटानं टकटक केली, अगदी मास्तरांच्याच पद्धतीनं, तसा गिलाव्याचा एक पोपडा खाली पडला.

त्यानं खिशातून पेन काढलं. मान वर केली नाही.

"मालक," त्यानं विचारलं, "नळ कधीपासून गळतोय?"