माशांची मिरवणूक

मी गुऱ्हाळातली काहील बोलतेय. हसू नका. उसाचा रस वीस वर्षं माझ्या पोटात उकळला आणि तुम्ही बोटं चाटूनपुसून गूळ खाल्लात. रसावर मळीचा काळा फेस येतो, तो गुळव्या झाऱ्यानं काढून टाकतो. माणसांच्या मनातली मळी काढायचा झारा मात्र अजून कुणी बनवलेला नाही. हे मी उगीच तोंडाला आलं म्हणून सांगत नाही.

मिरजेच्या एका लोहारानं जाड पत्रे रिबिटांनी जोडून मला घडवलं. आष्ट्याच्या बाजारातून हंबीररावानं मला बैलगाडीत घालून नदीकाठच्या आपल्या गावी आणलं. हा गडी पलटणीतून हवालदार होऊन परतलेला. काठावर चार एकर ऊस आणि डोक्यात सदा हुकूम. बायकोला चहा आण म्हणतानाही याची छाती पुढं.

गावाखाली महादेवाचा डोह. त्यात खडस जातीचे हातभर लांब मासे. पूर्वी नदीत खालीवर सगळीकडं होते म्हणे. माणसांनी सुरुंग लावून लावून ते संपवले आणि डोहात उरले तेवढ्यांना देवाचे मासे म्हणून हात जोडले. आधी मारायचं, मग पाया पडायचं, ही यांची जुनीच रीत.

एक नियम मात्र यांच्या हातून बरा झाला होता. डोहात दगडी नंदी आहे. पाणी उतरून नंदीच्या गळ्यातली घंटा उघडी पडली, की काठावरची पाणी उपसायची सगळी इंजिनं बंद. उरलेलं पाणी माशांचं, घागरींचं आणि जनावरांच्या पिण्याचं. खालच्या अंगाला धनगरवस्ती होती, तिची सगळी तहान त्यावरच भागायची.

त्र्याहत्तर साली चैत्रातच घंटा उघडी पडली. इंजिनं थांबली. हंबीररावाचा ऊस करपायला लागला, तशी त्याला एकाएकी माशांची दया आली. देवळापुढं बैठक भरली.

“नियम कुणासाठी हाय? माशांसाठी,” तो म्हणाला. “मग देवाचं मासं काहिलीतनं माझ्या हिरीत न्हेऊन ठिवू. थंडगार ऱ्हातील. डोहात मासंच न्हाईत म्हटल्यावर नियम कशाला?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणाऱ्यांपैकी पाचजणांची इंजिनं काठावर होती ना! वस्तीवरची हरणाबाई तेवढी पदर खोचून उभी राहिली.

“आवं हवालदार, मासं काहिलीतनं न्ह्याल. आमची पोरं नि मेंढरं कशातनं न्हेताय?”

लोक हसले. तहान दुसऱ्याची असली की हसायला काय जातंय!

दुसऱ्या दिवशी मला राखेनं घासून गाडीवर चढवलं. डोहाचं पाणी भरलं, अकरा मासे जाळ्यानं धरून आत सोडले. विहीर डोहापासून हाकेच्या अंतरावर. पण देव निघालेत म्हटल्यावर सरळ वाटेनं जातील तर ती ही माणसं कसली? हलगी लावून, गुलाल उधळत, भर दुपारी गाडी सगळ्या गावातनं फिरवली. दारादारात थांबवली. बायकांनी हळदकुंकू टाकलं, कुणी दूध ओतलं, कुणी नारळ फोडला. मी पडले लोखंडाची. पाणी आधी कोमट झालं, मग चटका बसेल असं झालं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले.

“बोलत्यात बगा! आशीर्वाद देत्यात!” गुळव्या आकाराम ओरडला आणि सगळ्यांनी हात जोडले.

अरे गाढवा, जन्म माझ्या शेजारी काढलास. काहील तापली की आत काय होतं, हे तुला मी सांगायचं?

विहिरीपाशी पोचेपर्यंत सात मेले. माझ्या पोटात मेले. उरलेले चार पाण्यात सोडले.

“देव गेला न्हवं हिरीत? मग झालं,” हंबीरराव म्हणाला. दिवस मावळायच्या आत डोहावर सहा इंजिनं धडधडायला लागली. विहिरीवरही त्याचंच इंजिन. नियमानं तेही बंद होतं, आता चालू झालं. आठवड्यात ते चौघेही उताणे तरंगले.

नवव्या दिवशी डोहाचा चिखल झाला. हरणाबाई घागर घेऊन झरा उकरायला उतरली, तर चिखलात बोटबोटभर पिल्लं तडफडत होती. शेकड्यांनी. मोठे मासे नेताना यांच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे डोहात मासे होते. नियमही होताच. हाताला लागली तेवढी पिल्लं तिनं घागरीत तळाशी उरलेल्या प्यायच्या पाण्यात घातली आणि घागर हंबीररावाच्या दारात आणून ठेवली.

“मासं हायती डोहात. इंजान बंद करा.”

त्यानं वाकून बघितलं. “ही बारकी हायती. देवाचं मासं मोठं असत्यात.”

घागर तिथंच टाकून हरणाबाई चालू लागली. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती मेंढरं हाकत खडी फोडायच्या कामावर निघून गेली, ती आजतागायत परतलेली नाही. हंबीररावाच्या बायकोनं पिल्लं उकिरड्यावर ओतली आणि घागर घासून वापरायला काढली. आणि एवढं करून ऊस? तो जळालाच. चिखलावर ऊस येत नसतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. नदी वाहते, डोह भरतो, मासा एकही नाही. शिवरात्रीला लोक लाह्या टाकतात, त्या फुगून काठाला लागतात. “देव रुसलाय” म्हणत ही माणसं घरी जाऊन फराळाला बसतात. लाज कशाशी खातात, यांना ठाऊकच नाही.

मला आता देवळात ठेवलंय. माझ्यात देव बसले होते म्हणून! परवा हंबीरराव आला, माझ्या काठाला कुंकू लावलं आणि डोळे मिटून उभा राहिला. किळस आली मला.

बाबांनो, हे कुंकू पुसा. मला भंगारात घाला, माझी ना नाही. पण पुढच्या दुष्काळात कुणाला देव करून मिरवू नका. घंटा उघडी पडली की इंजिन बंद करा. बाकी तुमच्याकडून कुणाला काहीच नकोय.