कापसाचे खांदे

यतीन सरपोतदारचं वजन लग्नात एकोणपन्नास किलो होतं आणि नऊ वर्षांनीही काटा तिथून हलला नव्हता. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात तो ड्राफ्ट्समन होता. शहाण्णव साली त्यानं आणि अक्षयानं यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीतल्या एका नव्या सेक्टरमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. चार मजली इमारतींच्या रांगा, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. रस्त्यावर दिव्यांचे खांब होते, पण त्यांना अजून वीज आली नव्हती. आपल्या काटकुळेपणाचं यतीनला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा म्हणून आपल्याला कुणीही बसू देतं, असं तो हसून सांगायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर चारच दिवसांनी, संध्याकाळी भाजी घेऊन येताना त्यानं ते पाहिलं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर बलवीर नावाचा म्हातारा चौकीदार असे. दोघंजण त्याला लोखंडी सळईनं मारत होते. त्यांना प्लॉटवर कब्जा करायचा होता आणि म्हातारा फाटकाची किल्ली देत नव्हता. यतीनच्या तोंडून "अरे, अरे" एवढंच निघालं. सळईवाल्यानं वळून पाहिलं. त्याच्या डाव्या भुवईला मधोमध चिरत गेलेला पांढरा व्रण होता. मग दोघं जीपमध्ये बसून निघून गेले.

पोलीस आले तोवर आसपासच्या गॅलऱ्यांतली माणसं आत गेली होती. यतीन बलवीरचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, म्हणून जबाब त्याचाच झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता सांगितलं, "साहब, कुछ लोग पूछ रहे हैं. दुबला-सा, चश्मेवाला, मराठी बाबू. किस ब्लॉक में रहता है."

"तुमने क्या कहा?"

"मैंने कहा, मुझे क्या मालूम." बोलताना तो यतीनकडे बघत नव्हता.

अक्षयानं दाराला आतून दुसरी कडी लावली. ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही आणि यतीनही ऑफिसला गेला नाही. पण असं किती दिवस घरात बसणार? दुपारी ती म्हणाली, "त्यांना तुझं नाव माहीत नाहीये. फक्त बारीक माणूस माहीत आहे."

"मग?"

"मग भाऊसाहेबांकडे जाऊया."

भाऊसाहेब सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जी नाटकं होत, त्यांची वेशभूषा वीस वर्षं त्यांच्याकडे होती. एका किडमिड्या टायपिस्टचा त्यांनी अफझलखान केलेला यतीननं स्वतः पाहिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, यतीनला उभं केलं आणि टेप घेऊन त्याच्याभोवती फिरले.

"कापूस छातीवर घालायचा नाही," ते म्हणाले. "छातीवर घातला की पोट सुटल्यासारखं दिसतं. खांद्याच्या टोकाला घालायचा, आणि काखेमागं पाठीवर. माणूस तिथं रुंद होतो."

दोन दिवसांत त्यांनी बंडी शिवली. कापूस खाली उतरू नये म्हणून तिच्यावर चौकोनी टाके घातले. तिच्यावर आडव्या पट्ट्यांचा जाड स्वेटर, त्यावर बाजारातून आणलेलं खांदेवालं जाकीट, तेही फिक्या रंगाचं, कारण काळ्यात अंग आकसतं. खाली चुण्यांची ढगळ पँट, नाहीतर वर घागर आणि खाली काठ्या असं दिसलं असतं. जाड तळाचे बूट. नोव्हेंबरचा मध्य होता, थंडी नुकती पडू लागली होती, त्यामुळे एवढे कपडे कुणाच्या डोळ्यांवर आले नसते.

"आता चाल," भाऊसाहेब म्हणाले. "हात अंगाला चिकटवू नकोस. जाड माणसाचे हात जरा लांब राहतात. आणि हे बघ यतीन, घाबरलेला माणूस खांदे पुढं घेतो. खांदे पुढं आले की माझा सगळा कापूस फुकट."

चष्मा मात्र खिशात ठेवावा लागला. खरी भीती त्यामुळेच वाटू लागली. दहा पावलांपलीकडचे चेहरे यतीनला नुसते धुरकट गोळे दिसत. रस्त्यानं येणारा प्रत्येक गोळा जवळ येईपर्यंत तो त्यावर व्रण शोधत राही. बंडीच्या आत घामाचे ओघळ वाहत आणि हात अंगापासून लांब धरून तो चालत राही. आठवडा असाच गेला. पानवाल्यानं एकदा विचारलंही, "बाबूजी, सेहत बन गई?" यतीन हसला, पण घरी येऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिला.

दुसऱ्या सोमवारी पावणेआठला तो बसस्टॉपवर उभा होता. एक जीप आली, पुढं गेली आणि मागं येऊन त्याच्यापाशीच थांबली. खिडकीतून चेहरा बाहेर आला. एवढ्या जवळून चष्मा लागत नव्हता. व्रण भुवईच्या मधोमध होता.

"पहलवान, इधर कोई मराठी रहता है? पतला-सा, चश्मा लगाता है."

यतीनचे खांदे जागच्या जागी राहिले. ते कसे राहिले, हे त्याला पुढं कधी कळलं नाही. तो स्वतः ए ब्लॉकमध्ये राहत होता. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की इथून लांबचं काहीतरी सांगायचं.

"सी ब्लॉक में देखो."

जीप निघाली. त्यानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मागचा नंबर वाचला. तेवढ्यात बस आली आणि तो चढला.

बस हिंडन नदीचा पूल मागं टाकून दिल्लीच्या वाटेला लागली तेव्हा त्याला नीरज आठवला. लातूरकडचा मुलगा, यूपीएससीची तयारी करायला आलेला. जिथं क्लासेस आहेत ते मुखर्जीनगर परवडत नाही म्हणून सी ब्लॉकमधल्या एका न विकलेल्या फ्लॅटमध्ये राहायचा. दिवाळीत तो त्यांच्याकडे जेवायला आला होता. अंगानं बारीक, चष्मेवाला.

यतीन सीटवरून अर्धवट उठला. उतरलो तर परत जाणारी बस पंधरा मिनिटांत मिळेल, हे त्याला माहीत होतं. परत गेलो तर जीप तिथंच असेल, हेही माहीत होतं. नीरजकडे फोन नव्हता. सी ब्लॉकमध्ये शंभर घरं आहेत, सगळी काही कुणी शोधत बसणार नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. शेजारच्यानं विचारलं, "उतरना है?" यतीन म्हणाला, "नहीं," आणि पुन्हा बसला.

संध्याकाळी अक्षया जिन्यातच उभी होती. "नीरजला मारलंय," ती म्हणाली. "दारातच. तो सांगत होता, मी नाही, मी नाही."

यतीननं भिंतीला हात टेकला. "मीच पाठवलं त्यांना," तो म्हणाला आणि उभ्या उभ्याच सकाळचं सगळं सांगितलं. अक्षया म्हणाली, "चल. आधी त्याच्याकडे."

नर्सिंग होममध्ये नीरज पडून होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. मेन्सची परीक्षा दहा दिवसांवर होती. जाकीट घातलेल्या यतीनला त्यानं आधी ओळखलंच नाही.

"नीरज, मी यतीन."

"दादा? काय झालं तुम्हाला?"

यतीननं सांगितलं. चौकीदाराचं, भाऊसाहेबांचं, बसस्टॉपचं. बसमधून उतरलो नाही हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, पण ते गिळून टाकणं त्याला जमेना. नीरज छताकडे बघत ऐकत होता.

"मला वाटलं, त्यांनी चुकून मला धरलं," तो शेवटी म्हणाला.

"चूक माझीच."

"वहिनी, पाणी द्या जरा."

अक्षयानं त्याचं डोकं उचलून पाणी पाजलं. तो पुन्हा यतीनशी बोलला नाही.

तिथून यतीन सरळ पोलीस चौकीत गेला. जीपचा नंबर सांगितला, बसस्टॉपवरचं सगळं लिहून दिलं आणि सही केली. चार दिवसांत ते दोघं आणि त्यांचा जीप चालवणारा असे तिघं पकडले गेले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळख परेडसाठी यतीनला जेलमध्ये बोलावणं आलं.

त्या सकाळी अक्षयानं बंडी पलंगावर काढून ठेवली होती. "जाकीट तरी घाल," ती म्हणाली. "तो व्रणवाला तुला समोरून बघणार."

"मी बलवीरला मार खाताना पाहिलं तेव्हा असा होतो. त्यानंही मला असंच पाहिलंय. तिथं दुसराच माणूस जाऊन उभा राहिला तर त्यांचा वकील उद्या तेच धरेल."

"एवढंच?"

"नाही," यतीन म्हणाला. "एवढंच नाही." त्यानं बंडीची घडी घालून ती कपाटात ठेवली.

तो पांढऱ्या शर्टावर जुना राखाडी स्वेटर आणि डोळ्यांवर चष्मा घालून गेला. जेलच्या अंगणात धुकं होतं. मॅजिस्ट्रेट खुर्चीवर बसले होते आणि भिंतीशी दहा माणसं उभी होती. सगळ्यांच्या डाव्या भुवईवर कागदाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे व्रणावरून कुणी ओळखू नये. व्रण नसेल तर आपल्याला काय आठवणार? तो पहिल्यापासून सावकाश चालत गेला. सातव्यापाशी पोचला तेव्हा त्या माणसानं आधी त्याच्या मनगटाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, मग चष्म्याकडे, आणि त्याच्या तोंडावर आश्चर्य आलं. बसस्टॉपवरचा पहलवान त्याला आत्ता कळला होता. यतीनला ते डोळे कळले. त्यानं हात पुढं करून त्याच्या खांद्याला स्पर्श केला. असं करायचं असतं, हे त्याला आधी सांगितलं होतं. तो खांदा खरोखरच दणकट होता.

"यही है," यतीन म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं, आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं.

खटला पाच वर्षं चालला. तिघांना शिक्षा झाली. बलवीर जगला, पण त्याला त्याच्या मुलानं गावी नेलं. यतीनच्या दाराशी पुढं कुणी आलं नाही. का आलं नाही, ते त्याला कधी कळलं नाही, आणि येणार नाहीत याची खात्रीही कधी वाटली नाही. सेक्टरमधले दिवे लागले, रिकामे फ्लॅट भरले, तरी अंधार पडल्यावर बेल वाजली की अक्षया आधी खिडकीतून खाली बघे आणि यतीन हातातलं काम ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभा राही.

नीरज त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षी बसला आणि पास झाला. पण तोवर तो मुखर्जीनगरला राहायला गेला होता, आणि ही बातमी यतीनला भाऊसाहेबांकडून कळली.